चारशे पावलांची वाट

कल्लप्पा वस्ती, सोलापूर
३ जुलै २०२५

चि. महेश्वरला दोड्डव्वाचे शरणु.

फोन का केला नाही असे विचारशील, म्हणून आधीच सांगते. फोनवर तू "बघतो गं" म्हणतोस आणि बघत नाहीस. कागदावर तेच लिहायला माणसाला जरा जड जाते. मी तुझ्या आईची थोरली बहीण तर आहेच, पण एकतीस वर्षे पोस्टाची पिशवी खांद्यावर वाहिलेली बाईही आहे. पत्राला उत्तर न देणाऱ्यांबद्दल माझे मत काय आहे ते तुला ठाऊक आहे.

आता कामाचे. आपल्या वस्तीतून मेन रोडला जाणारी गाडीवाट आठवते ना? चिंचेखालून निघते आणि बस थांब्यापाशी उतरते, ती. त्याच चिंचेवरून पडून तू उजवा पाय मोडून घेतला होतास. त्या वाटेवर भिंत येते आहे. मधल्या शेतात बंगल्यांचे नवे संकुल होते आहे, नाव ठेवले आहे 'मोकळे आकाश'. चारी बाजूंनी सात फुटी भिंत आणि एकच फाटक, तेही मेन रोडकडे. वाट त्यांच्या जागेच्या कडेने जाते, ती त्यांनी सरळ पोटात घातली. पाया खणून झाला आहे.

शाळा, दवाखाना, बस, बाजार, आमचे सगळे पलीकडे आहे. वाटेने गेले तर चारशे पावले. भिंत झाली की हायवेच्या कडेने वळसा, सव्वातीन किलोमीटर. मी चालून आले. फूटपाथ नाही, ट्रक अंगाला चाटून जातात. माझी शेजारीण तानाबाई तुला माहीत आहे, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटांत कडक भाकरीची टोपली घेऊन जाते, ती. ती म्हणाली, "गुरम्माक्का, माझ्या पायात आता तेवढं चालणं न्हाय. दोन-चार वर्सं हायत, ती बी ह्याच वाटंची."

तू पुण्यात शहरांचे नकाशे करतोस. रस्ता कुठून निघावा आणि कुठे संपावा हे ठरवणाऱ्या कंपनीत आहेस. आमची वाट कोणी आणि कशाच्या आधारावर बंद केली, एवढे शोधून कळव. सूनबाई ऋतुजाला आशीर्वाद.

तुझी,
दोड्डव्वा


पुणे
१६ जुलै २०२५

ती. दोड्डव्वा, शरणु शरणार्थी.

पत्र मिळाले. तुझे अक्षर अजून तसेच आहे, पाकिटावर पिनकोड चौकटीत बसवलेला.

तुला राग येईल, पण समजून घे. जुळे सोलापूर तू पाहिलेस तेव्हा ज्वारीची शेते होती. आता शहर त्याच्याही पुढे गेले. जो तो आपापला तुकडा घेतो आणि आपापला नकाशा काढतो. लोकांना दारावरून जाणारा परका रस्ता नको असतो. रस्ता आपल्या दाराशीच संपावा, म्हणजे पोरे खेळतात, गाड्या येत नाहीत, चोरीची भीती राहत नाही. लोक घर घेताना हेच आधी विचारतात. यात कोणी तुमच्या वाईटावर नाही.

आणि वाट अशी कोणी उगाच बंद करत नाही. आधी तिचा वापर मोजतात. इथेही मोजला. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत त्या वाटेने सात माणसे गेली. सात माणसांसाठी नकाशा बदलत नाहीत गं.

ऋतुजा म्हणते, इकडेच ये. खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. किती दिवस त्या वस्तीत एकटी राहणार?

तुझा,
महेश्वर


कल्लप्पा वस्ती
२४ जुलै २०२५

चि. महेश्वर,

सात? सात वेळा तर एकटी तानाबाईच ये-जा करते.

आणि हा सात आकडा तुला कुठून मिळाला? मी लिहिला नव्हता. पेपरात आला नाही. त्यावर नंतर येते.

लोकांना काय हवे असते ते तू मला शिकवू नकोस. त्र्याण्णव साली मला जुळे सोलापूरचे बीट मिळाले. तेव्हा एका गल्लीत शिरले की दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे, तिथून तिसरीत. एकही रस्ता दोनदा न तुडवता पिशवी रिकामी व्हायची. मग कॉलन्या आल्या. एकेक कॉलनी म्हणजे ज्वारीचे पोते, तोंड एकच. आत शिरा, टोकापर्यंत जा, फिरा, त्याच तोंडाने बाहेर. पाठीला पाठ लावून दोन घरे, मध्ये एक भिंत, आणि ह्या घरातून त्या घरात पत्र न्यायला मला वीस मिनिटे लागायची. बीटातली घरे दुप्पट झाली तेव्हा माझे चालणे चौपट झाले होते. साहेबांना सांगितले, तर म्हणाले, "गुरम्माबाई, शहर वाढतंय." मी म्हणाले, "वाढू द्या की, पण माझे पाय तेवढेच हायत."

तर मोजणी. ह्या सोमवारी सकाळी सहाला मी चिंचेखाली स्टूल टाकून बसले. जवळ दोन डबे, एकात चिंचोके. माणूस गेला की एक चिंचोका ह्या डब्यातून त्या डब्यात. खणलेल्या पायावरून उड्या मारत लोक जात होते. रात्री आठला डबा ओतला. सहाशे चौतीस.

तुमच्या मोजणीतली बाकीची माणसे कुठे गेली, हे मला कळले पाहिजे. कोणी मोजले, कोणत्या दिवशी मोजले, लिही. आणि मला लिफ्ट नको, मला पाय आहेत.

दोड्डव्वा


पुणे
५ ऑगस्ट २०२५

ती. दोड्डव्वा,

तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. मोजणी आमच्या कंपनीने केली. अहवालावर सही माझी आहे.

नकाशात तिचे नाव 'पायवाट क्रमांक चार' होते. पण चिंच दिसत होती, मी ओळखली. खरे सांगू? सात हा आकडा बघून मला बरे वाटले. आकडा मोठा असता तर मला काहीतरी ठरवावे लागले असते. सात म्हटल्यावर आकड्यानेच ठरवून टाकले.

पण मोजणीत खोट नाही, हे मी शपथेवर सांगतो. माझी दोन माणसे चौदा तास तिथे उभी होती. दिवससुद्धा नीट पाहून निवडला होता. सोमवार, ३० डिसेंबर. सरकारी सुट्टी नाही, बंद नाही, पाऊस नाही, निवडणूक नाही. याहून साधा दिवस मिळणार नाही. तू मोजलेस तेव्हा भिंतीची बातमी पसरलेली होती, लोक मुद्दाम चालले असतील. आणि डब्यातले चिंचोके कोणतेही ऑफिस पुरावा म्हणून धरत नाही.

एक विनंती आहे. हे कोणाजवळ बोलू नकोस. दिवाळीत माझ्या बढतीचे ठरणार आहे. दहा वर्षे वाट पाहिली आहे.

महेश्वर


कल्लप्पा वस्ती
११ ऑगस्ट २०२५

महेश्वर,

तुझे पत्र वाचून मी गेल्या वर्षीचे कॅलेंडर शोधले. पिठाच्या डब्याखाली अंथरले होते. डबा सरकवला, डिसेंबरचे पान झटकले आणि ३० तारीख पाहिली. मग मी एकटीच इतकी हसले की तानाबाई धावत आली. हसून झाल्यावर मला जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

३० डिसेंबरला येळ अमावस्या होती.

अरे, आपली अख्खी वस्ती अक्कलकोटकडची. वर्षभर कुठेही राबू, पण येळ अमावस्येला घराला कुलूप लावून आपापल्या गावच्या शेतात जायचे, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, काळ्या आईची पूजा करायची, सगळ्यांनी मिळून जेवायचे. त्या दिवशी टेम्पो पहाटे हायवेच्या बाजूने थेट दारात येतो. वाटेवर चिटपाखरू नसते. ती सात माणसेही मी शोधून काढली. ज्याच्या आजोबांचे नाव वस्तीला आहे तो कल्लप्पा तापाने घरी होता, दवाखान्यात गेला आणि परत आला, झाले दोन. राहिलेले पाच वाट चुकलेले असतील.

आणि तू कुठे होतास? ऋतुजाने काढलेला फोटो माझ्या भिंतीवर आहे. कोपीपुढे मांडी घालून बसला आहेस, एका हातात बाजरीचा उकडलेला उंडा, दुसऱ्या हातात अंबिलीचा तांब्या. डाव्या बाजूला तानाबाई तुला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढते आहे. मागे सगळी वस्ती. ज्यांना तुझी माणसे वाटेवर शोधत होती ते सगळे तुझ्या पंगतीत बसले होते रे! तू त्यांच्याबरोबर तिसऱ्यांदा भज्जी घेतलीस आणि पुण्याला जाऊन सही केलीस की ही माणसे नाहीत.

साधा दिवस म्हणे.

आता माझे ऐक. मी तुझ्याकडे उपकार मागत नाही. पोस्टात एखादे पत्र माझ्या हातून चुकीच्या दारात पडले, तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन ते मागून घेत असे आणि बरोबर दारात देत असे. कधी बोलणी खात असे. तुझेही तसेच आहे. ज्या ऑफिसात तो सात आकडा दिलास, तिथेच लिहून दे की चुकले. बढतीचे तुझे तू बघ.

आम्ही थांबलेलो नाही. भिंत मांडीएवढी झाली आहे. कल्लप्पाने आपला फुटका रगडा भिंतीच्या अलीकडे पालथा घातला, पलीकडे मी माझा कपडे धुण्याचा दगड टाकला. पायरी झाली. तिथला रखवालदार विरुपाक्ष म्हणतो, "मला वरून सांगितलंय, कुणाला सोडू नको म्हणून." तोंडाने हे म्हणतो आणि हाताने तानाबाईची टोपली धरतो.

दोड्डव्वा


पुणे
२९ सप्टेंबर २०२५

ती. दोड्डव्वा,

सात आठवडे लिहिले नाही. पत्राला उत्तर न देणाऱ्यांत तू माझे नाव घातले असशील. योग्यच आहे.

सोबत एका पत्राची नक्कल आहे. मी माझ्या नावाने ते नगररचनेच्या ऑफिसला दिले आहे. मोजणी चुकीच्या दिवशी झाली, त्या दिवशी स्थानिक सण होता, आणि तो मला माहीत असायला हवा होता, असे लिहिले आहे. फोटोसुद्धा जोडला. भज्जीसकट.

पहिले तीन आठवडे मी स्वतःशीच भांडत होतो. नंतरचे चार कंपनीशी. साहेब म्हणाले, "एका अमावस्येसाठी तू आपला अहवाल खोटा पाडणार?" मी म्हणालो, अहवाल आधीच खोटा आहे. बढती गेली. आता मला साइटवर पाठवत नाहीत, जुन्या नकाशांच्या खोलीत बसवले आहे. ऋतुजा म्हणाली, निदान आता दोड्डव्वासमोर जाताना मान वर राहील. मला अजून तेवढे वाटत नाही.

भिंतीचे काम थांबवायला सांगितले आहे. पुन्हा मोजणी होईल, दुसरी कंपनी करेल. तारीख तुम्हाला कळवतील.

महेश्वर


कल्लप्पा वस्ती
३ डिसेंबर २०२५

चि. महेश्वर,

तुझ्या पत्राची नक्कल मी वस्तीत वाचून दाखवली. तानाबाई म्हणाली, "प्वार गुणाचं हाय, फकस्त उशिरा हाय." मलाही तसेच वाटते. बढती गेल्याचे वाईट वाटले, खोटे बोलणार नाही.

मोजणीची तारीख आली. शुक्रवार, १९ डिसेंबर. कॅलेंडर बघ.

दोड्डव्वा


पुणे
९ डिसेंबर २०२५

ती. दोड्डव्वा,

पाहिले. पुन्हा येळ अमावस्या! हे कोणी मुद्दाम केले की नेहमीसारखे न बघता केले, मला कळत नाही. दोन्ही शक्य आहे.

सोबत अर्ज लिहून पाठवतो आहे, तारीख बदलून देण्याचा. फक्त सही कर आणि लगेच पोस्टात टाक. आठवडाभर पुढे ढकलतील. पहिली चूक सुधारायला मी होतो. पण या वेळी पुन्हा सात निघाले, तर ती चूक राहणार नाही, ते कायमचे होईल. मग कोणीही काही करू शकणार नाही. हट्ट करू नकोस, पाया पडतो.

मी येऊ शकत नाही. आधीच्या मोजणीशी माझा संबंध आहे, मी तिथे दिसलो तर सगळ्यालाच बाधा येईल.

महेश्वर


कल्लप्पा वस्ती
१३ डिसेंबर २०२५

महेश्वर,

अर्ज परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

तारीख बदलून मागितली तर ते देतील, हे खरे. पण मग ऑफिसच्या कागदावर राहील की हे लोक सोयीच्या दिवशीच दिसतात. ज्या दिवशी आम्ही त्यांना दिसलो नाही, त्याच दिवशी दिसू. आमचा सण आम्ही लपवणार नाही आणि वाटही सोडणार नाही. दोन्ही आमचेच आहे.

वस्तीची बैठक झाली. तानाबाई पहिल्यांदा घाबरली. म्हणाली, "मग शेतातल्या लक्षुमीला काय सांगायचं? शेत तसंच ठेवायचं व्हय?" मी म्हणाले, शेत कोण ठेवतंय? शेतात जायचेच आहे. कसे जायचे तेवढेच बघू.

तू येऊ नकोस, ते बरोबर आहे.

दोड्डव्वा


पुणे
२३ डिसेंबर २०२५

ती. दोड्डव्वा,

चार दिवस झाले, तुझे काही नाही. १९ तारखेला मी दिवसभर ऑफिसात होतो, नकाशांच्या खोलीत. लक्ष लागत नव्हते. काय झाले, कळव. वाईट असले तरी कळव.

महेश्वर


कल्लप्पा वस्ती
८ जानेवारी २०२६

चि. महेश्वरला दोड्डव्वाचे शरणु.

ऑफिसचा कागद हातात आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. काल आला. नव्या पोस्टमनने तो वाटेने आणून दिला. आता सगळे सांगते.

टेम्पो दरवर्षी हायवेकडून दारात येतात. या वर्षी आम्ही त्यांना सांगितले, मेन रोडला थांबायचे. झाले एवढेच. ज्याला शेतात जायचे त्याने वाटेने चालत जायचे. सकाळी सहाला दोन मुली हातात टॅब घेऊन चिंचेखाली येऊन बसल्या. त्यांना वाटले असेल, आरामाचा दिवस. साडेसहाला आम्ही निघालो. पुढे तानाबाई, डोक्यावर अंबिलीची घागर. मागे भज्जीची पातेली, उंड्यांच्या टोपल्या, कडेवर पोरे, काठी टेकत म्हातारे. भिंत मांडीएवढी तशीच होती. रगड्यावर पाय, भिंतीवर पाय, दगडावर पाय. विरुपाक्ष घागरी हातात घेई, बाई पलीकडे उतरली की तिच्या डोक्यावर ठेवी. शेवटी म्हणाला, "अव्वा, मी बी अक्कलकोटचाच हाय. मला कोण भज्जी देणार?" त्याला तिथेच वाढली.

तानाबाई पलीकडे उतरून परत मागे आली आणि त्या मुलींना विचारू लागली, "मोजलं का गं मला? नसंल तर परत जाती." त्या म्हणाल्या, "मोजलं हो आजी, दोनदा झालं आता."

पूजेला दरवर्षीपेक्षा उशीर झाला. शेतात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले. पण पूजा झाली, जेवणे झाली आणि संध्याकाळी सगळे त्याच वाटेने परत आलो. फ्लॅटांतल्या बायकाही आम्ही परतल्यावर तानाबाईच्या घरी उंडे खायला आल्या, भिंत ओलांडून, पंजाबी ड्रेसात. तुझ्या म्हणण्याप्रमाणे त्यांना परका रस्ता नको असतो. पण भाकरी कोणत्या रस्त्याने येते हे त्यांना चांगले माहीत होते.

मी माझे डबे घेऊन बसले नव्हते असे समजू नकोस. चिंचोके कमरेच्या पिशवीत होते. शेतात गेले तेवढा वेळ कल्लप्पा बसला. त्यांचा आकडा सातशे तेरा निघाला. माझा सातशे अकरा.

आता तुझ्या ऑफिसात असण्याबद्दल. पावणेसातला मेन रोडकडून एक माणूस वाटेने आत आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, खांद्याला पिशवी. कोणाशी बोलला नाही. चिंचेपर्यंत गेला, झाडावर एकदा हात ठेवला आणि वळून परत गेला. भिंत चढताना त्याने डावा पाय आधी टाकला आणि उजवा जरा सांभाळून ओढून घेतला. चिंचेवरून पडलेल्या पोराला मी खांद्यावरून दवाखान्यात नेले होते, मला तो पाय कळणार नाही होय? घागर डोक्यावर होती म्हणून हाक मारली नाही. नाहीतर वाटेतच कान पिरगळला असता. आणि नंतर दिवसभर मला भरून येत होते, हेही लिहून ठेवते.

पण मोजणी म्हणजे मोजणी. मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसला रजिस्टर पत्र टाकले की तुमच्या आकड्यातला एक इसम या वाटेचा नाही, त्याचे येणे आणि जाणे दोन्ही वजा करावे. कोण, ते लिहिले नाही. त्यांनी दोन वजा केले. कागदावर सातशे अकरा आहे. तुझ्याशिवाय भरले रे, महेश्वर. कोणाच्याही मेहेरबानीशिवाय भरले.

कागदात लिहिले आहे, वाट सार्वजनिक, नऊ फूट रुंदी मोकळी ठेवावी, तिथे दार नको, कुलूप नको. आज सकाळी तेवढी भिंत पाडली. वस्ती बघत उभी होती. तानाबाई टोपली घेऊन पहिली गेली. पलीकडे जाऊन उगाचच परत आली आणि पुन्हा गेली. रगडा आम्ही तिथेच ठेवला आहे, बसायला होतो. शेजारी पत्र्याची पाटी लावायची आहे, 'गाडीवाट' म्हणून. 'पायवाट क्रमांक चार' पुन्हा कोणी म्हणायला नको.

गड्ड्याच्या जत्रेला ऋतुजाला घेऊन ये. स्टेशनवरून रिक्षा केलीस तर वस्तीपर्यंत आणायला सांगू नकोस, तो हायवेने वळसा घालतो. मेन रोडला उतर आणि चालत ये. चारशे पावले आहेत. टोपी घालू नकोस.

तुझी,
दोड्डव्वा